स्टंट की ड्रम? आधी मनगट दाखवून घ्या

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

"मी ३१ वर्षांची आहे. बाराव्या वर्षापासून ड्रम वाजवते आणि गेली सात वर्षं चित्रपटांत स्टंट डबल म्हणून, म्हणजे नट्यांच्या जागी धोक्याचे शॉट द्यायचं, काम करते. आमचा चौघांचा बँड आहे, गाणी आमची स्वतःची. चार महिन्यांनी पहिला अल्बम रेकॉर्ड करायचं ठरलंय. नेमकं त्याच सुमारास एका मोठ्या ॲक्शनपटात नायिकेची मुख्य डबल म्हणून सहा महिन्यांचं काम चालून आलंय. आमची गायिका म्हणते, 'आता एकदाचं काय ते ठरव.' स्टंटच्या दिवशी संध्याकाळी सरावाला गेले की माझी लय पळते, अशीही बँडची तक्रार आहे. दोन महिन्यांपूर्वी जिन्यावरून गडगडत येण्याच्या शॉटमध्ये माझा हात टेकला गेला. मुरगळला असेल म्हणून सोडून दिलं, पण काठी धरली की अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखतं. स्टंट कोऑर्डिनेटरना सांगितलं नाही, काम जाईल म्हणून. बँडला सांगितलं नाही, ते दुसरा ड्रमर बघतील म्हणून. ड्रम ही माझी विश्रांती आहे, ती सोडवत नाही. पण दोन्हीकडे पाय ठेवणारा दोन्हीकडे अर्धाच राहतो असं सगळे म्हणतात. ते खरं असेल, तर मी काय सोडू?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही दोन वाक्यांत उरकली आहे. मी तिथूनच सुरुवात करते. पडताना हात टेकला आणि दोन महिने उलटूनही अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. याच आठवड्यात हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा. चित्रपटाला होकार किंवा नकार कळवण्याच्या आधी जा, आणि बँडशी तारखा ठरवण्याच्याही आधी.

मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं छोटं, होडीच्या आकाराचं हाड असतं. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच, आणि बहुतेकदा माणूस पसरलेल्या तळहातावर पडला की मोडतं. मोडलं तरी मनगट वाकडं दिसत नाही. सूज बेताची येते, बोटं हलतात, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये भेग दिसेलच याची खात्री नसते. म्हणून शंका असली की डॉक्टर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करायला सांगतात. या हाडाला रक्त मुख्यतः एकाच टोकाकडून मिळतं, त्यामुळे ते सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही. न जुळलेल्या हाडावर तसंच काम करत राहिलं, तर काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजायला लागतो.

तुमचं हाड मोडलंय असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरच सांगतील. अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरांना सूज आली असेल, किंवा एखादा अस्थिबंध ताणला गेला असेल. पण तुम्ही काठी कशी धरता ते आठवा. काठी तोलली जाते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, आणि स्नेअर या मुख्य ड्रमवरून उसळून येणारा प्रत्येक धक्का तिथूनच मनगटात उतरतो. तुमचं दुखणं बरोबर त्या जागी आहे. डॉक्टरांना नुसतं "हात दुखतो" म्हणू नका. कशी पडलात ते सांगा, काठी बरोबर न्या, धरून दाखवा, आठवड्यात किती तास वाजवता तेही सांगा.

स्टंटच्या जगात दुखणं अंगावर काढण्याला शौर्य समजतात, हे मला माहीत आहे. मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन १९२४ सालच्या एका चित्रीकरणात पाण्याच्या टाकीच्या नळाखाली जोरात आपटला. काही दिवस डोकं ठणकलं, तो काम करत राहिला. मानेचं हाड तेव्हाच मोडलं होतं, हे कित्येक वर्षांनी एका एक्स-रेमध्ये डॉक्टरांना दिसलं. हा किस्सा लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की त्याचं नशीब बलवत्तर होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. काय सोडू, असं तुम्ही विचारलंय. त्या प्रश्नाखाली तीन गृहीतकं आहेत आणि तिन्ही मला तपासून बघावीशी वाटतात.

पहिलं, ड्रम ही विश्रांती आहे. मनाला असेल, आणि ते मोलाचं आहे. शरीराला मात्र नाही. ब्लाँडी या बँडचा ड्रमर क्लेम बर्क कार्यक्रमात वाजवत असताना इंग्लंडमधल्या क्रीडाशास्त्रज्ञांनी त्याची नाडी मोजली होती. ती सरासरी मिनिटाला १४० ते १५० होती आणि जोराच्या भागात १९०पर्यंत जात होती. दिवसभर हार्नेसमध्ये लटकून किंवा मारामारीचे शॉट देऊन आल्यावर संध्याकाळी तीन तास सराव, याचा अर्थ तुम्ही एका दिवसात दोन पाळ्या करता. तुमच्या डायरीत त्यातली एकच लिहिलेली असते.

कानांचंही तेच. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरली जाणारी एक प्रचलित मर्यादा आहे ८५ डेसिबलला आठ तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जोरात वाजणारा ड्रमसेट सहज तिथवर पोहोचतो. शूटिंगमधल्या बंदुकीच्या कोऱ्या काडतुसाचा बार क्षणभर १४० डेसिबलच्याही वर जातो. सेटवरचा आवाज आणि सराव खोलीतला आवाज कानात एकाच खात्यावर जमा होतो. संगीतकारांसाठी मिळणारे, सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखाच कमी करणारे इअरप्लग घ्या, आणि श्रवणचाचणी एकदा आत्ताच करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात असेल. सेटवर इअरप्लग घातले तर सूचना ऐकू येणार नाहीत ही भीती रास्त आहे. तिथे हाताच्या खुणेवर किंवा खांद्यावरच्या थापेवर निघायचं, असं आधीच ठरवून घेता येतं.

लय पळते या तक्रारीबद्दल एक गोष्ट तुम्हाला रंजक वाटेल. २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर, खालच्या जाळीत सोडलं गेलं. मग त्यांना विचारलं, पडायला किती वेळ लागला? स्वतःचं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. त्या क्षणी डोळ्यांना जास्त बारीक काही दिसत होतं का, हेही तपासलं गेलं, तर तसं काही आढळलं नाही. वेळ ताणली गेली होती ती आठवणीत. तुमचं पळणं याच कारणाने होतं असा दावा मी करणार नाही. पण अंगात अजून उसळी असताना आपल्या आतल्या घड्याळावर विसंबू नये, एवढं त्यातून नक्की घेता येईल. स्टंटच्या दिवशी सराव करायचाच असेल, तर कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या गतीची टिकटिक, हवाच. सुरुवात सगळ्यात संथ गाण्याने करा आणि पहिला अर्धा तास फक्त हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर ठेवा. यात बँडचं म्हणणं बरोबर आहे, तेव्हा ते मान्य करून टाका.

दुसरं गृहीतक म्हणजे ते "दोन्हीकडे अर्धाच". हे सर्वस्वी खोटं आहे असं सांगून तुम्हाला बरं वाटवणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. अलेक्झांडर बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि मोठा संगीतकारही होता. १८८७ साली तो गेला तेव्हा ज्या ऑपेरावर त्याने जवळपास अठरा वर्षं काम केलं होतं तो अपुरा होता. तो मित्रांनी पुरा केला. दोन कामांची किंमत असते, आणि बहुतेक वेळा ती संख्येत द्यावी लागते. गाणी कमी होतात, अल्बम उशिरा येतात. ही किंमत तुम्हाला परवडते का, याचं उत्तर गायिका देऊ शकत नाही आणि मीही नाही. पण कमी केलं म्हणजे अर्धं केलं, हे मला पटत नाही. बोरोदिनचं जे पुरं झालं ते आजही वाजवलं जातं.

शिवाय तुमच्या दोन कामांचं वय सारखं नाही, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. रॉय हेन्स हा जॅझ ड्रमर नव्वदी ओलांडल्यावरही मंचावर वाजवत होता. जिन्यावरून गडगडत येण्याचं काम त्या वयात कुणी करत नाही. तुमच्या क्षेत्रातली माणसं पुढे वायरची आणि उड्यांची मांडणी, मारामारीची रचना, कोऑर्डिनेशन, मुख्य चमूपासून वेगळं चित्रीकरण करणाऱ्या सेकंड युनिटचं दिग्दर्शन अशा कामांकडे वळतात. त्या वाटेला आता मानही मिळू लागलाय. स्टंट डिझाइनसाठी ऑस्कर देण्याचं अकादमीने २०२५मध्ये जाहीर केलं, २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून. म्हणून मी तुमच्या जागी असते तर येत्या पाच-सहा वर्षांत पडण्याची कामं कमी करत मांडणीच्या कामांकडे सरकले असते, आणि मनगट, कान आणि पाठ पुढच्या चाळीस वर्षांच्या वाजवण्यासाठी राखली असती. तुमचा विचार वेगळा असू शकतो. पण "हे की ते" या प्रश्नापेक्षा "आधी कशाचा जोर, नंतर कशाचा" हा प्रश्न तुमच्या आयुष्याशी जास्त जुळतो असं मला वाटतं.

तिसरं गृहीतक सगळ्यात नाजूक आहे. दोन्हीकडे लपवलं तर दोन्ही टिकेल, असं तुम्ही धरून चालला आहात. कोऑर्डिनेटरचं आधी बघू. तुम्ही वायरवर असता तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणसं असतात. मारामारीच्या शॉटमध्ये समोरचा गडी तुमच्या पकडीवर भरवसा ठेवून स्वतःला झोकून देतो. ती पकड ऐन वेळी सुटली तर डोकं त्याचं आपटेल. हाताचं दुखणं ही त्यामुळे तुमची खासगी बाब राहत नाही. एखादा कोऑर्डिनेटर हे ऐकून तुम्हाला कामावरून काढेलही. तो धोका खरा आहे आणि माझ्या शब्दांनी तो कमी होणार नाही. तरीही सांगायला हवं, पण हातात रिपोर्ट घेऊन सांगा: "असं झालंय, डॉक्टर म्हणतात इतके आठवडे हातावर भार नको, या तारखेनंतर मी हे आणि हे करू शकते." नुसत्या "दुखतंय" या शब्दापेक्षा तारखांसकट आलेली माहिती नियोजन करणाऱ्या माणसाला फार उपयोगी पडते.

आणि बँड. डेफ लेपर्डचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात १९८४च्या ३१ डिसेंबरला मोटार अपघातात गेला. त्याची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बँड थांबला. डाव्या हाताचं काम पायाने करता येईल असा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट त्याच्यासाठी तयार झाला, आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा मोठ्या मंचावर बसला. सोबतच्यांना काय झालंय ते पुरतं ठाऊक होतं, म्हणून ते थांबू शकले. तुमच्या तिघांना थांबायची संधीच मिळालेली नाही. त्यांना फक्त पळणारी लय ऐकू येते, तुमचं आखडलेलं मनगट दिसत नाही, आणि मग गायिका "ठरव" म्हणते. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं की या मुलीचं मन आता बँडमध्ये नाही.

ते दुसरा ड्रमर बघतील, ही भीतीही जरा उलगडून बघा. काही काळासाठी बदली ड्रमर येणं आणि कायमची जागा जाणं यांत फार अंतर आहे. १९६४च्या जूनमध्ये रिंगो स्टारला टॉन्सिलचं दुखणं झालं तेव्हा जगाच्या दौऱ्यावर निघालेल्या बीटल्सनी जिमी निकल नावाच्या ड्रमरला बसवलं. दोनेक आठवड्यांत रिंगो परतला आणि आपल्या जागी बसला. बदली ड्रमर तुम्ही स्वतःच सुचवा. प्रत्येक गाण्याची गती, कुठे किती मात्रा थांबायचं, कुठला भराव (ओळींमधला ड्रमचा छोटा तुकडा) कुठे, हे लिहून ठेवा आणि सोबत फक्त ड्रमचं रेकॉर्डिंग द्या. जी माणूस आपली गैरहजेरी इतक्या नीट सोपवते, तिला बाहेर काढावंसं सहसा कुणाला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष तारखांचा विचार करू. हाड मोडलेलं निघालं तर आपली ही चर्चा काही महिने पुढे जाते. प्लास्टर असो वा शस्त्रक्रिया, त्या काळात दोन्ही कामं बंद. त्यात तडजोड करू नका. उजवा हात दुखावला असेल तर डाव्याने आणि पायांनी काय सराव करता येईल ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मनातल्या मनात वाजवण्यालाही कमी लेखू नका. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पियानोचा पाच बोटांचा साधा व्यायाम काहींनी पाच दिवस प्रत्यक्ष केला आणि काहींनी फक्त कल्पनेत. कल्पनेत करणारे पाचव्या दिवशी, प्रत्यक्ष करणारे तिसऱ्या दिवशी जिथे होते तिथवर पोहोचले होते. लांबच्या चित्रीकरणाला जाणाऱ्या कुणाही वादकाने हे ध्यानात ठेवावं. व्हॅनमध्ये सराव पॅड ठेवता आलं नाही तरी डोळे मिटून अख्खं गाणं वाजवता येतं.

हाड शाबूत असेल आणि काही आठवड्यांत हात मोकळा होणार असेल, तर मला दोन्ही कामं जमण्यासारखी दिसतात. अल्बमचं रेकॉर्डिंग चार महिन्यांनी म्हणजे सगळ्यांचं सगळं तेव्हाच असायला हवं असं नाही. तुमच्यासारख्या बँडमध्ये बहुधा ड्रम आणि बेस आधी रेकॉर्ड होतात आणि बाकीचं त्यावर चढतं. गाणी बसलेली असतील तर ड्रमला स्टुडिओत थोडेच दिवस लागतात. ते दिवस चित्रीकरण सुरू होण्याच्या आधी मागून घ्या, कच्च्या गायनाच्या साथीने तुमचा भाग पुरा करा, आणि तुम्ही सेटवर असताना बाकीचे गिटार आणि गाणं पुरं करतील. हा प्रस्ताव तुम्ही मांडा, गायिकेने मागायची वाट बघू नका.

चित्रपटाकडून होकाराआधी स्टंटची यादी मागा. मुख्य डबल म्हणजे सगळं एकटीनेच करायचं असं नसतं. गाडी चालवायला एक, वायरवर दुसरी, उंचावरून पडायला तिसरी असं काम वाटून दिलेलं असतं. पुढचे काही महिने जिने आणि जमिनीवर आपटणं दुसरीकडे जाऊ शकतं का, हे विचारा. कपड्यांच्या माणसांशीही लवकर बोला. नायिकांचे कपडे बिनबाह्यांचे आणि अंगासरशी असतात, पॅड लपवायला जागा नसते, आणि डबलला तेच घालून पडावं लागतं. हातमोजा किंवा लांब बाही पात्राच्या पोशाखात बसवायची असेल तर ते कपडे शिवण्याआधी सांगायला हवं. करारात चित्रीकरण लांबलं तर काय, हे लिहून घ्या. विम्याचा कागदही वाचा. स्टंटचं काम त्यात वगळलेलं नाही ना, आणि हात कायमचा अधू झाला तर भरपाई आहे का, एवढं तरी बघा. आधीची दुखापत लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी उपयोगी पडेलच असं नाही.

पुढच्यासाठी एक नियम मात्र कुठल्याही परिस्थितीत पाळा. डोक्याला मार बसला, थोडीशी जरी भोवळ आली, तर त्या दिवशी स्टंटही नाही आणि ड्रमही नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. "वाजवून बघते, जमलं तर बरी आहे" ही तपासणी नव्हे. मेंदूला मार लागलेला असताना मोठा आवाज आणि श्रम दोन्ही त्रासदायक ठरतात, आणि बरं होण्याआधी पुन्हा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

डायरी एकच ठेवा. त्यात शूटिंग, सराव, कार्यक्रम आणि पूर्ण सुट्टी, म्हणजे दोन्ही नसलेला दिवस, हे सगळं एका पानावर दिसलं पाहिजे. दोन अंगमेहनतीची कामं करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते, मग ती शिकवण्या घेणारी नर्तकी असो की क्लब क्रिकेट खेळणारा तबलजी. पूर्ण सुट्टीचा दिवस आधी लिहा आणि उरलेल्यात बाकीचं बसवा.

गायिकेला आजच एक निरोप पाठवा. निर्णय नका कळवू, एवढंच लिहा: "माझ्या मनगटाला दोन महिन्यांपासून दुखतंय, मी सांगितलं नव्हतं, या आठवड्यात डॉक्टरांकडे चाललेय. रिपोर्ट आला की चौघं बसू, तारखा घेऊन." आणि जमलं तर तिलाच डॉक्टरांकडे सोबत यायला सांगा.